‘चांगली व्होडका’ म्हणजे नेमकी कोणती?

दिवाळीला पुतण्या पुण्याहून अंबाजोगाईला आला होता. वय २८, आयटी कंपनीत नोकरी. रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर बसलो असताना त्याने जरा चाचरतच विचारलं, ‘‘काका, तुम्ही इतकी वर्षं केमिस्ट्री शिकवलीत. मग एक सांगा, मार्टिनी करायला चांगली व्होडका कोणती?’’

त्याच्या मोबाइलमध्ये पाच बाटल्यांचे फोटो होते. सगळ्यात महाग बाटलीची किंमत सगळ्यात स्वस्त बाटलीच्या सातपट. मी विचारलं, ‘‘एवढा फरक कशासाठी द्यायचा?’’ तो म्हणाला, ‘‘भारीतली घेतली की बाधत नाही काका. दुसऱ्या दिवशी डोकं दुखत नाही. लिव्हरलाही त्रास कमी.’’

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. माझा एक जुना सहकारी हेच म्हणायचा. ‘‘आपण हलकी कधी तोंडाला लावली नाही,’’ असं तो अभिमानाने सांगे, आणि ते खरंही होतं. काही वर्षांपूर्वी तो लिव्हर सिरॉसिसने गेला. शेवटच्या महिन्यांत पोटात पाणी व्हायचं, ते सुईने काढावं लागायचं. भारीतली दारू त्याला बाधली नाही असं कोण म्हणेल?

म्हणून पुतण्याला गप्प बसवण्यापेक्षा उत्तर द्यायचं ठरवलं. नुसतं ‘पिऊ नकोस’ म्हटलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि पुण्याला जाऊन हवी ती बाटली घेतली असती. हिशेब मांडला तर निदान तो विचार करेल. तोच हिशेब इथे मांडतो.

व्होडकात असतं काय?

व्होडका म्हणजे इथेनॉल आणि पाणी. व्हिस्की लाकडी पिंपात मुरते, रमला मळीचा वास असतो, वाइनमध्ये द्राक्षाचा अंश उतरतो. व्होडकाचं सगळं कसब उलट दिशेने चालतं. त्यात चव, वास, रंग जितका कमी तितकी ती उत्तम. अमेरिकेच्या सरकारी नियमांत तर २०२० पर्यंत व्होडकाची व्याख्याच अशी होती, की तिला स्वतःचा खास गुण, गंध, चव किंवा रंग नसावा.

आपल्याकडे दारूसाठी लागणारा शुद्ध मद्यार्क, म्हणजे कारखान्यांच्या भाषेत ‘एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल’, मळीपासून किंवा धान्यापासून बनतो. मळी म्हणजे काय हे बीड जिल्ह्यात समजावून सांगायला नको. दिवाळीच्या सुमाराला इथल्या तांड्यांवरून, वस्त्यांवरून ऊसतोड मजुरांची कुटुंबं पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. त्यांनी तोडलेल्या एक टन उसातून साखर काढल्यावर साधारण ४० ते ४५ किलो मळी उरते. ती पाण्यात पातळ करून यीस्टने आंबवायची आणि मग ऊर्ध्वपातन करायचं. त्यातून ढोबळमानाने दहा लिटर मद्यार्क मिळतो. पाणी घालून त्याची व्होडका केली, तर ७५० मिलीच्या तीसेक बाटल्या भरतात. धान्याची गोष्टही आपल्याला नवी नाही. ज्वारी, मक्यासारख्या धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन देणारं धोरण राज्याने २००७ मध्ये आणलं. खाण्याचं धान्य दारूकडे वळवावं का, यावर तेव्हा मोठा वाद झाला.

ऊस असो, ज्वारी असो की युरोपातला बटाटा, ऊर्ध्वपातनाच्या उंच मनोऱ्यातून मद्यार्क सुमारे ९६ टक्के शुद्ध होऊन निघतो, तेव्हा त्याच्यात मूळ पिकाची ओळख जवळजवळ उरत नाही. युरोपीय संघात यावरून २००७ च्या सुमाराला मोठं भांडण झालं. धान्य आणि बटाटा यांपासून केलेलीच खरी व्होडका, असा उत्तरेकडच्या देशांचा आग्रह होता. शेवटी तडजोड झाली, की इतर कशापासून केली असेल तर लेबलवर तसं लिहावं. भांडण लेबलचं होतं. रेणू सगळीकडे एकच.

मग चवीत फरक का लागतो?

थोडा फरक लागतो, हे मान्य करायला हवं. पाण्यातले क्षार, गाळण्याची पद्धत, ऊर्ध्वपातनात मागे राहिलेली किरकोळ द्रव्यं आणि काही उत्पादक घशाला मऊ लागावी म्हणून घालतात ती चिमूटभर साखर किंवा ग्लिसरीन, ही त्याची कारणं आहेत. शिवाय पाणी आणि इथेनॉल यांचं मिश्रण दिसतं तितकं सरळ नसतं. वर्गात मी एक प्रयोग दाखवायचो. ५० मिली पाणी आणि ५० मिली शुद्ध मद्यार्क एकत्र केला की १०० मिली होत नाही, साधारण ९६-९७ मिली भरतो. दोन्हींचे रेणू एकमेकांना धरून जवळ येतात. आवर्तसारणीवाल्या मेंडेलीफचा १८६५ चा प्रबंध याच विषयावर होता. त्यानेच व्होडकासाठी ४० टक्के हे प्रमाण ठरवलं, ही मात्र दंतकथा आहे. पुढे २०१० मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी आणि रशियातल्या मॉस्को इथल्या शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या व्होडका तपासल्या. रेणूंच्या या धरपकडीत ब्रँडनुसार थोडा फरक आढळतो, असं त्यांनी दाखवलं.

पण हा फरक सातपट किमतीचा आहे का? जानेवारी २००५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जाणकारांना एकत्र बसवून २१ व्होडकांची चव घ्यायला लावली. लेबलं झाकलेली होती. एकाहून एक महाग बाटल्यांमध्ये तुलनेसाठी म्हणून स्मर्नॉफ ही साधी, स्वस्तातली बाटली घुसवली होती. पहिला क्रमांक तिचाच आला.

शिवाय आपल्याकडच्या किमतीत दारूपेक्षा कराचा भाग मोठा असतो. परदेशातून येणाऱ्या व्होडकावर एकूण आयात शुल्कच वर्षानुवर्षं १५० टक्के राहिलं आहे. राज्यात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क जून २०२५ मध्ये उत्पादनखर्चाच्या तीन पटींवरून साडेचार पटींवर नेण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. हे कर योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय. मुद्दा एवढाच, की बाटलीवरची किंमत म्हणजे आतल्या द्रवाच्या गुणांचं प्रमाणपत्र नव्हे.

आता मार्टिनीचाच विचार करू. मूळ मार्टिनी जिनची. व्हरमूथ नावाच्या वनौषधी घातलेल्या वाइनचा थोडा अंश तिच्यात मिसळतात. जिनच्या जागी व्होडका आली आणि जगभर गाजली, त्याचं बरंचसं श्रेय जेम्स बाँडला जातं. हे पेय बर्फात भरपूर गार करून देतात. गारव्याने वास दबतो, जिभेची पारख मंदावते आणि बर्फाचं पाणी मिसळून द्रव आणखी सौम्य होतो. वर व्हरमूथ, ऑलिव्ह किंवा लिंबाची साल. म्हणजे महागड्या बाटलीतला जो काही बारीक फरक असेल, तो झाकायची सगळी व्यवस्था मार्टिनीतच आहे. हे सांगितल्यावर पुतण्या हसला. म्हणाला, ‘‘म्हणजे पैसे वाचले की काका!’’

मी म्हटलं, ‘‘थांब. अजून हिशेब संपला नाही.’’

एका ग्लासाचा हिशेब

आपल्याकडच्या व्होडकात साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलीच्या एका छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम इथेनॉल भरतं. डॉक्टर ज्याला ‘एक ड्रिंक’ म्हणतात, ते हे. मार्टिनीचा ग्लास नाजूक दिसतो, पण त्यात किमान ६० मिली व्होडका आणि वर व्हरमूथ असतं. हिशेब २१-२२ ग्रॅमवर जातो. हात सैल सोडून ओतली तर त्याहून पुढे. म्हणजे ‘मी एकच घेतली’ म्हणणाऱ्याने दोन ड्रिंक घेतलेली असतात. बिअरची बाटली निदान पोट भरते, वेळ लावते. मार्टिनी चार घोटांत संपते.

निरोगी माणसाचं यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम इथेनॉल निकामी करतं. एका मार्टिनीला दोन ते तीन तास लागतात. लिंबू-पाणी, ताक, काळी कॉफी, गार पाण्याने अंघोळ, यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. वाहन चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकी आहे. ६० किलो वजनाच्या माणसाने रिकाम्या पोटी एकच मार्टिनी घेतली तरी ती ओलांडली जाऊ शकते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण तुलनेने कमी असल्याने तेवढ्याच मापात त्यांच्या रक्तातलं प्रमाण आणखी वर जातं.

जेम्स बाँडचाही असा हिशेब कोणी तरी केला आहे. २०१३ च्या नाताळात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये काही ब्रिटिश डॉक्टरांचा गमतीशीर पण नेटका अभ्यास छापून आला. त्यांनी बाँडची चौदाही पुस्तकं वाचून त्याच्या प्रत्येक पेल्याची नोंद केली. आठवड्याला ९२ युनिट, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधल्या शिफारशीच्या चौपटीहून जास्त. त्याची मार्टिनी ढवळलेली नव्हे तर हलवलेली लागते, ती बहुधा दारूने हात थरथरत असल्यामुळे, अशी कोपरखळीही त्यांनी मारली होती. पडद्यावरचा रुबाब आणि खऱ्या शरीराचा जमाखर्च यांत एवढं अंतर असतं.

यकृत लेबल वाचत नाही

‘डोकं दुखत नाही’ या दाव्यात थोडं तथ्य आहे. व्हिस्कीसारख्या गडद दारूत इथेनॉलशिवाय इतर अनेक द्रव्यं असतात, व्होडकात ती फार कमी. अमेरिकेतल्या एका अभ्यासात (२०१०) तरुणांना एका रात्री बर्बन व्हिस्की आणि एका रात्री व्होडका देऊन दुसऱ्या दिवशी तपासलं. व्हिस्कीनंतर डोकेदुखी, मळमळ जास्त होती. पण लक्ष एकाग्र करण्याची आणि झटपट प्रतिसाद देण्याची क्षमता दोन्हींनंतर सारखीच घसरली होती. म्हणजे व्होडकाने नुकसान कमी झालं नाही, त्याची जाणीव कमी झाली. मला यातच जास्त धोका वाटतो. दुखत नाही म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो.

शरीरात गेलेल्या इथेनॉलचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं. हे द्रव्य पेशींच्या डीएनएला इजा करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला पहिल्या गटात, म्हणजे कर्करोगाचं सिद्ध कारण म्हणून नोंदवलं. तंबाखू त्याच गटात आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांचं स्तन, या ठिकाणच्या कर्करोगांशी मद्याचा संबंध प्रस्थापित झालेला आहे. आपल्या भागात पेल्यासोबत गुटखा, तंबाखू, सिगारेट असतेच. दोन्ही एकत्र आले की तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेहून जास्त वाढतो. २०२३ च्या जानेवारीत आरोग्य संघटनेने स्पष्टच म्हटलं, की आरोग्याच्या दृष्टीने मद्याचं सुरक्षित असं कोणतंही प्रमाण नाही. धोका पहिल्या थेंबापासून सुरू होतो आणि मापाबरोबर वाढत जातो.

या सगळ्यात कुठेही ब्रँडचा उल्लेख नाही. यकृताला मोजता येतात ते फक्त ग्रॅम.

खरंच वाईट दारू कोणती?

एका जागी मात्र ‘चांगली’ आणि ‘वाईट’ हा भेद जीवनमरणाचा असतो. डिसेंबर २००४ मध्ये मुंबईत विक्रोळीला आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने बळी घेतले. मालवणीतच शंभराहून अधिक माणसं गेली, बहुतेक सगळी हातावर पोट असलेली. मारेकरी होतं मिथेनॉल. नावात आणि दिसण्यात इथेनॉलचा सख्खा भाऊ वाटावा असं हे औद्योगिक रसायन. मळी किंवा गूळ आंबवताना ते नगण्य तयार होतं. अशा दुर्घटनांत ते बाहेरून मिसळलेलं असतं, कारण स्वस्त पडतं.

मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक आम्ल बनतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर हल्ला करतं. दहा-पंधरा मिलीनेही दृष्टी जाऊ शकते. फसवी गोष्ट अशी, की सुरुवातीला साधी नशा वाटते. बारा ते चोवीस तासांनी धूसर दिसणं, डोळ्यांपुढे पांढरं धुकं, पोटात कळा, जोरजोरात श्वास ही लक्षणं सुरू होतात. अशा वेळी ‘उतरली की ठीक होईल’ म्हणून झोपवून ठेवू नका. तडक मोठं सरकारी रुग्णालय गाठा, आणि काय प्यायलं, कुठून आणलं हे न लाजता सांगा. वेळेत पोचल्यास औषधांनी आणि डायलिसिसने जीव आणि डोळे दोन्ही वाचू शकतात. अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. ग्रामीण भागातलं आशियातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय म्हणून आपण त्याचा अभिमान सांगतो. गावखेड्यातल्या माणसाने असा प्रसंग लपवून घरी वेळ घालवू नये.

आणि भारी बाटलीवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. रिकाम्या महागड्या बाटलीत हलका माल भरून विकण्याचा मोह नेहमी महागड्या बाटलीचाच असतो. ‘ड्यूटी फ्री आहे, मित्राने आणून दिली’ अशी स्वस्तात मिळालेली परदेशी बाटली मला हातभट्टीइतकीच संशयास्पद वाटते. घरातली रिकामी बाटली भंगारात देण्यापूर्वी तिचं लेबल फाडून टाकावं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

तर उत्तर काय?

पुतण्याला मी दिलेलं उत्तर असं. तू पीत नसतास तर सुरू करण्याचं एकही आरोग्यकारण मी तुला देऊ शकलो नसतो. पिणारच असशील, तर परवानाधारक दुकानातली, सीलबंद, मधल्या किमतीची कोणतीही व्होडका मार्टिनीला पुरते. राज्याच्या कायद्याप्रमाणे अशा मद्यासाठी वय २५ पूर्ण हवं आणि परवानाही लागतो. वाचलेल्या पैशातून एक तीस मिलीचं माप विकत घे आणि प्रत्येक वेळी त्यानेच ओत. ग्लास लहान ठेव. आधी जेव. त्या रात्री गाडीची किल्ली दुसऱ्याकडे दे. पॅरासिटामॉल, झोपेच्या गोळ्या, मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नकोस. आणि आठवड्यातले न पिण्याचे दिवस मोजत जा. ते कमी होऊ लागले, की बाटली चांगली की वाईट हा प्रश्न मागे पडलेला असतो.

ज्यांच्या घरात तो आकडा शून्यावर आला आहे, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात सोडणं धोक्याचं असू शकतं. हातपाय थरथरणं, भास होणं, झटके येणं असे प्रकार होतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. आणि मदत मागण्यात कमीपणा नाही. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन विनामूल्य आहे. पुण्यात ‘मुक्तांगण’ १९८६ पासून हे काम करत आहे.

पुतण्याने फोटो पुसले नाहीत, पण पुण्याला जाण्याआधी एक प्रश्न विचारला, ‘‘काका, तुमचे ते मित्र गेले, ते रोज किती घ्यायचे?’’

मी आठवून पाहिलं. तो कोणता ब्रँड घ्यायचा हे मला लख्ख आठवत होतं. किती घ्यायचा, हे त्याला आम्ही कोणीच कधी विचारलं नव्हतं.